जेव, मग भांड

मुलींचं वसतिगृह
४ मार्च

आत्या,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहिलं की तुला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून साधाच.

तू तिकडे गेल्यापासून बाबा बातम्या लावून बसतात आणि वादळाचा विषय निघाला की आवाज वाढवतात. तू दिसशील अशी त्यांना आशा आहे. मी म्हटलं, आत्या पाण्याची इंजिनिअर आहे, ती टीव्हीवर कशाला दिसेल, कुठल्यातरी चिखलात असेल. आई म्हणाली, बोलू नकोस तसं.

आता मुद्दा. आम्ही उपाशी राहणार आहोत. कॉलेजच्या सभागृहात, १५ तारखेच्या शनिवारी सकाळपासून रविवार सकाळपर्यंत, फक्त पाण्यावर. प्रत्येकाने आपापली माणसं गाठायची आणि मी जितके तास उपाशी राहीन त्या हिशेबाने पैसे द्या असं कबूल करून घ्यायचं. जमेल ते सगळं तुमच्याकडच्या वादळग्रस्तांना. कल्पना माझी. आवाजही माझाच, म्हणजे वर्गावर्गांत जाऊन ओरडायचं काम माझ्याकडे आहे. तू मला भोपू म्हणायचीस ते उगाच नाही.

सगळ्यात आधी नाव दिलं शिडीने. शिडी म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण. माळ्यावरची बॅग ती स्टूल न घेता काढते, त्यामुळे तिला खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नाही. पोस्टरं तिनेच रंगवलीत. प्राचार्य आधी म्हणाले, “उपाशी मुलं चक्कर येऊन पडली तर जबाबदारी कोणाची?” मग कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना कल्पना आवडली. त्यांचं बाजारात मोठं कापडाचं दुकान आहे. तेव्हापासून प्राचार्य ‘आपला उपक्रम’ म्हणतात.

मला तुझ्याकडून एक पान हवंय, स्टेजवरून वाचायला. जरा काळजाला भिडेल असं. खोटं नको, पण निवडक लिही.

तुझी,
भोपू

—

१२ मार्च

भोपू,

तुमच्या शनिवारपर्यंत हे पोचेल असं वाटत नाही. आमची टपालाची थैली मुख्य कचेरीतून फिरून जाते. तरी लिहिते.

काळजाला भिडेल असं माझ्याकडे काही नाही. मी एका शाळेत राहते. अर्धं छप्पर आहे, अर्धं नाही. समुद्र आत येऊन गेला तेव्हा सगळ्या विहिरी खारट झाल्या. म्हणून आम्ही तळ्याचं पाणी उपसून, गाळून, औषध घालून टाकीत सोडतो आणि लोक रांगेत उभे राहून घेऊन जातात. निदान जायचे. पंप बंद पडलाय. आतला पंखा झिजला. नवा मागवलाय, पण मुख्य कचेरी म्हणते खात्यात पैसे आले की पाठवू. तोवर लोक तळ्याचं पाणी तसंच पितात. मी अडवून अडवून किती अडवणार?

इथे वस्तूंची कमतरता नाही. शाळेच्या पटांगणात जगभरातून आलेल्या कपड्यांचा ढीग आहे. लोकरीचे कोट, उंच टाचांचे बूट, तेही एकेका पायाचे. पावसात भिजून सगळ्याचा लगदा झालाय. त्यावर शेळ्या झोपतात. तेव्हा वस्तू पाठवू नका. एकही नको. पैसे पाठवा, थेट आमच्या मदत संस्थेच्या खात्यात.

आणि उपाशी राहणं मला कळलेलं नाही. इथे कोणी म्हणत नाही की आमच्याबरोबर तुम्हीही उपाशी राहा. पण तू ठरवलंयस म्हणजे करणारच, तुझ्या बापावर गेलीस. एवढं मात्र कर: कोणाला काही आजार आहे का, हे चारचौघांत विचारू नकोस. चारचौघांत कोणी सांगत नाही. एकेकाला बाजूला घेऊन विचार.

चिडू नकोस. इथे सकाळपासून सगळे माझ्यावर चिडलेले असतात, त्यात तुझी भर नको.

आत्या

—

२० मार्च

आत्या,

चिडले नाही. पण तुझं पत्र सोमवारी आलं, सगळं आटोपल्यावर.

आणि काय सुरेख झालं म्हणून सांगू! सभागृह भरलं होतं. संध्याकाळी अध्यक्ष सपत्नीक आले. तुझं पान आलं नव्हतं, म्हणून मीच चार वाक्यं तुझ्या नावावर खपवली. म्हटलं, माझी आत्या तिथे काम करते, ती सांगते की छप्पर उडालेल्या घरांत लहान मुलं रात्रभर थंडीने कुडकुडतात, आया त्यांना पोटाशी धरून बसतात. अध्यक्षांनी चक्क डोळे पुसले. मग उठून म्हणाले, “या मुलांच्या उपवासातून जे जमेल, त्याची सगळीच्या सगळी ब्लँकेटं जातील. माझ्या दुकानातून, खरेदीच्या भावात.” टाळ्या थांबेचनात.

तुझं पत्र वाचून जरा खट्टू झाले, खरं सांगते. वस्तू नकोत म्हणतेस, पण ब्लँकेटं काही उंच टाचांचे बूट नव्हेत. कामाला येतातच ना? कोरी आहेत, जाड आहेत. प्राचार्य म्हणाले, पैसे कुठे जातात कळत नाही, वस्तू डोळ्यांना दिसते. फोटोही निघतो. तेही अगदी चूक नाही.

शिडीला जरा चक्कर आली होती. घरी गेलीय.

बाबा विचारतात, तू जेवतेस का वेळेवर?

भोपू

—

३० मार्च

भोपू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं माझंच काही समजायला चुकलं.

थंडी कुठून आणलीस? इथे अंगावर पातळ फडकं टाकलं तरी घाम फुटतो. लोक ओल्या कापडाने मानेला पुसत झाडाखाली बसतात. पाऊस पडतो तोही कोमट. तुझ्या भाषणातली मुलं कुडकुडतात, इथल्या मुलांना जुलाब होतात. ते स्टेजवर बरं दिसत नाही, माहीत आहे मला. म्हणून माझ्या तोंडी दुसरं काहीतरी घालायचं? मी इथे दिवसभर लोकांना सांगत असते की माझ्यावर विश्वास ठेवा, हे पाणी पिऊ नका. आणि तिकडे माझ्याच नावावर माझी भाची थापा मारते.

तुम्ही मुलांनी पोट मारून पैसे जमवले. त्यातून माझ्या पंपाचा पंखा आला असता आणि औषधही. ती ब्लँकेटं बंदरात उतरणार, महिनाभर कागदांसाठी अडकणार, मग त्यांना आणायला मालमोटार लागणार, तिचं डिझेल आमच्या खात्यातून जाणार. म्हणजे तुमची मदत मलाच पोसावी लागणार.

खरेदी थांबव. कसं ते मला माहीत नाही. तुझी जीभ चालते ना, मग चालव.

आणि शिडीचं काय झालं? तू कधी कोणाबद्दल दोन वाक्यांत आटपत नाहीस. मांजर व्यालं तरी तू दोन पानं लिहिलीस मला. काय लपवतेस?

माझं जेवण ठीक आहे.

आत्या

—

९ एप्रिल

आत्या,

शिडीला साखरेचा आजार आहे. रोज इंजेक्शन घेते. मी दोन वर्षं तिच्या शेजारच्या पलंगावर झोपते आणि मला माहीत नव्हतं. ती ते बाथरूममध्ये जाऊन घ्यायची.

त्या शनिवारी तिने सकाळी नेहमीसारखं इंजेक्शन घेतलं आणि मग काही खाल्लंच नाही. दुपारनंतर ती काहीच्या बाही बोलायला लागली. आम्हाला वाटलं गंमत करतेय. आत्या, आम्ही हसत होतो. मग ती बसल्या जागी कलंडली आणि तिला घाम एवढा आला की शर्ट पिळता आला असता. दवाखान्यात नेलं. शुद्धीवर यायला वेळ लागला. आता बरी आहे, पण घरच्यांनी तिला परत नेलं. हे सगळं झाल्यावर संध्याकाळी मी स्टेजवर उभी राहिले, कारण प्राचार्य म्हणाले कार्यक्रम थांबला तर बोभाटा होईल.

मी नावं लिहून घेताना विचारलं होतं. “कोणाला काही आजार असेल तर हात वर करा.” सगळ्यांसमोर. सोमवारी तुझं पत्र फोडलं आणि त्यात तुझं ते वाक्य होतं, एकेकाला बाजूला घेऊन विचार. म्हणून तुला आनंदीआनंद कळवला. मला दुसरं काही लिहिताच येईना.

ब्लँकेटांसाठी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, “सर, तिकडे उकाडा आहे. पैसे हवेत.”

“तुमच्या आत्याच म्हणाल्या ना, मुलं कुडकुडतात?”

“ते मी बनवून सांगितलं होतं.”

चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “मग आत्ता बनवून सांगत नाही आहात कशावरून?”

तुझं पत्र दाखवलं तर म्हणाले, हे खाजगी पत्र आहे, यावर संस्थेचा ठराव बदलत नाही. आणि जाता जाता ऐकवलं की तो उपवास मुळात विद्यार्थ्यांनी आपल्या जबाबदारीवर केला होता. दवाखान्यातल्या प्रकाराशी कॉलेजचा संबंध नाही. पोस्टरवर मात्र ‘आपला उपक्रम’.

आता बास झालं. आम्ही काहीजणांनी ठरवलंय. येत्या सोमवारपासून त्यांच्या केबिनबाहेर उपोषणाला बसणार. ब्लँकेटं रद्द होईपर्यंत. मुदत नाही. कॉलेजातलं एक माणूस तुमच्या मुख्य कचेरीकडे चाललंय, हे पत्र त्याच्या हाती देतेय, म्हणजे लवकर पोचेल.

भोपू

—

(मुख्य कचेरीने वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना फोनवरून सांगितलेला निरोप. बाईंच्या अक्षरात.)

१३ एप्रिल

जेव. मग भांड. उपाशी राहून अजून एक पोरगी आडवी करू नकोस. कचेरीचं शिक्क्याचं पत्र प्राचार्यांना येतंय. आत्या.

—

२ मे

आत्या,

रेक्टरबाई तुझा निरोप घेऊन खोलीवर आल्या आणि विचारत होत्या, हा काही सांकेतिक संदेश आहे का. मी म्हटलं, नाही, आमच्या आत्या अशाच बोलतात.

मी चिडले होते तुझ्यावर. रविवारी दिवसभर तो कागद वहीत दडवून ठेवला. मग संध्याकाळी सगळ्यांना निरोप वाचून दाखवला आणि एकीने विचारलं, “मग जेवूया का तिथेच?”

तेच केलं. सोमवारपासून दुपारच्या सुट्टीत डबे घेऊन प्राचार्यांच्या केबिनसमोर ओळीने बसायला लागलो. भात, उकडलेली अंडी, केळी, ज्याचं जे असेल ते. पहिल्या दिवशी ते बाहेर आले.

“हे काय चाललंय?”

“जेवतोय, सर.”

“इथे?”

“पैसे पाठवल्याचं कळेपर्यंत इथेच, सर. अंडं घेता?”

उपोषणाला बसलो असतो तर त्यांनी घरोघर फोन केले असते. आता काय सांगणार होते, तुमची मुलगी जेवते म्हणून? कॉरिडॉरभर अंड्यांचा वास. कारकून दाराशी येऊन थांबायला लागले. दुसऱ्या आठवड्यात ग्रंथपालबाई स्वतःचा डबा घेऊन आमच्यात येऊन बसल्या. तरी प्राचार्य ढिम्म. रोज आमच्या अंगावरून पाय टाकून जायचे. मला वाटायला लागलं होतं की आम्ही परीक्षेपर्यंत असेच जेवत राहणार आणि काही होणार नाही.

मग तुमच्या कचेरीचं पत्र आलं आणि अध्यक्षांनी मला दुकानात बोलावून घेतलं. मी भांडायच्या तयारीने गेले. त्यांनी बसायला सांगितलं. म्हणाले, “मी एका पैशाचाही नफा घेतलेला नाही.” मी म्हटलं, माहीत आहे. मग खूप वेळ ते कापडाचा एक तागा उलगडत आणि गुंडाळत राहिले. म्हणाले, “त्या दिवशी मी रडलो होतो. तू बोलत होतीस तेव्हा. कशाला रडलो मी?”

आत्या, त्यांच्यावर राग धरणं मला किती सोपं गेलं असतं.

निम्मी ब्लँकेटं आधीच निघालीत, ती परत येणार नाहीत. उरलेल्यांचे पैसे तुमच्या संस्थेच्या खात्यात गेले. पावती मी डोळ्यांनी पाहिली. निम्मं काम झालं म्हणायचं की निम्मं वाया गेलं, मला ठरवता येत नाही.

शिडीच्या घरी दोनदा गेले, एसटीने तासभर. तिची आई दारातच म्हणते, ती झोपलीय. भर सकाळी कोण झोपतं?

आणि आता तुझी पाळी. बाबांना तुमच्या कचेरीतून कळलं की तू आठवडाभर सलाईनवर होतीस. ‘माझं जेवण ठीक आहे.’ मला विचारतेस काय लपवतेस म्हणून?

भोपू

—

१४ मे

भोपू,

होते सलाईनवर. तळ्याच्या पाण्याने. पाण्याची इंजिनिअर पाण्यानेच आडवी झाली, हे कोणत्या तोंडाने कळवायचं होतं? रांगेतल्या बायकांना समजलं तेव्हा त्या बघायला आल्या आणि एकमेकींना कोपरं मारून हसल्या. दादाला सांग, आता बरी आहे. खरंच.

तुमची ब्लँकेटं आली. गोदामात जागा नाही म्हणून गठ्ठे दाराबाहेरच पडलेत. राखायला कोणी नाही आणि एकही चोरीला गेलेलं नाही, यावरून काय ते समज. मी त्यांच्याकडे न बघता जाते-येते.

पण पंखाही आला. तुमच्या पैशांतून की दुसऱ्या कोणाच्या, ते कचेरीला विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. मी आणि गावातल्या एकाने मिळून बसवला, दोनदा चुकीचा, तिसऱ्यांदा नीट. पंप सुरू झाला तेव्हा मला वाटलं लोक आनंदाने ओरडतील. कोणी ओरडलं नाही. आपापली भांडी घेऊन रांगेत आले. एका बाईने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि पचकन थुंकून टाकलं. म्हणाली, औषधाचा वास येतो, तळ्याचं गोड होतं. मागच्यांनीही तिचीच री ओढली. एवढे आठवडे रक्त आटवल्यावर हे ऐकायचं. टाकीमागे जाऊन एका पाइपावर बसले. थोड्या वेळाने पाहिलं तर ती बाई दुसरी घागर भरायला पुन्हा रांगेत उभी होती, तोंड वाकडं करून.

आजाऱ्यांच्या खोलीत या आठवड्यात नवीन फारसं कोणी आलेलं नाही. पण दोन खाटा ज्या रिकाम्या झाल्या, त्या बऱ्या झालेल्यांच्या नव्हत्या. त्यांतलं एक मूल होतं. पंखा महिनाभर आधी आला असता तर, हा विचार मी करत नाही. तूही करू नकोस. तू करशील म्हणूनच लिहितेय. हे ओझं तुझ्या एकटीचं नाही.

शिडीकडे जात राहा. तिची आई ‘झोपलीय’ म्हणाली तर पायरीवर बस. समजावून सांगायला जाऊ नकोस, तुला समजावून सांगायची फार हौस आहे.

आत्या

—

२७ मे

आत्या,

त्या मुलाचं वाचून मी पत्र मिटलं आणि दिवसभर पुन्हा उघडलं नाही. तू विचार करू नकोस म्हणालीस. करतेय.

परीक्षा संपली. एक पेपर हमखास जाणार. आईला अजून सांगितलेलं नाही.

शिडीच्या पायरीवर बसले होते. शेजारचे लोक विचारून गेले, कोण हवंय. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती स्वतःच बाहेर येऊन बसली. बारीक झालीय. मी आठवडाभर मनात घोकून ठेवलेली माफी सुरू केली, की मी तुला सगळ्यांसमोर विचारायला नको होतं, बाजूला घेऊन विचारायला हवं होतं.

“बाजूला घेऊन विचारलं असतंस तरी मी नाही म्हणाले असते,” ती म्हणाली.

“का?”

“मला कोणी विचारूच नये म्हणून. दोन वर्षं मी कोणालाही कळू दिलं नाही. त्या खोलीत मी फक्त उंच होते. आता सगळ्या कॉलेजला माहीत आहे. आता जिथे जाईन तिथे कोणीतरी विचारणार, जेवलीस का, घेतलंस का, हे तुला चालतं का. जन्मभर. तू पण आत्ता आल्या आल्या माझ्या तोंडाकडे बघत होतीस, बारीक झालीय का म्हणून.”

बघत होते, आत्या.

मी म्हटलं, “मग मी काय करू?”

“मला काय माहीत,” ती म्हणाली. “सगळं मीच सांगू का?” मग ती बरंच बोलली. पोस्टरं तिची आणि नाव माझं झालं, हेही. आम्ही हसलो, तेही तिला आठवत होतं. मी समजावून सांगितलं नाही. एकदाच तोंड उघडलं होतं, पण तुझं आठवून मिटलं.

ऊन पायरीवर आलं तेव्हा ती उठली. म्हणाली, “उद्या येऊ नकोस.”

मी बरं म्हटलं आणि चपला घालायला लागले. दार लावता लावता तिने विचारलं, “येणार असशील तर किती वाजता?”

भोपू